हात लावला तरी चालेल

फोन खणात ठेवताना माझा हात अजून अडखळतो. भिंगारला लष्कराच्या एका ऑफिसात मी कारकून आहे, आणि आमच्याकडे मोबाईल आत नेता येत नाही. गेटवर लाकडी खणांचं एक कपाट आहे. आपल्या खणात फोन ठेवायचा, पितळी बिल्ला घ्यायचा आणि आत जायचं. दुपारी एक वाजता जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास फोन हातात येतो. दीडला तो परत खणात गेला की मग थेट पाच वाजता. पूर्वी मला हे फार सोयीचं वाटायचं. साडेतीन तास कोणी डोकं खात नाही. आता त्या साडेतीन तासांत बाहेर काय काय होऊ शकतं, हे मला माहीत झालं आहे.

त्या अर्ध्या तासात मी फुलपाखरं ओळखायचो. म्हणजे लोक फोटो पाठवायचे आणि मी नाव सांगायचो. हा नाद मला क्वार्टरच्या मागच्या रुईच्या झुडपांनी लावला. रुईवर बिबळ्या कडवा नावाचं नारिंगी फुलपाखरू कायम असतं. त्याचे फोटो काढता काढता एकदा लक्षात आलं, की यातलं एक कडवा नाहीच. ती चांदव्याची मादी होती. तोच नारिंगी रंग, पंखांची तीच काळी-पांढरी टोकं. कडवा चवीला विषारी असतो, पक्षी त्याला शिवत नाहीत, म्हणून या बाईनं सरळ त्याचाच वेश घेतलेला. फरक शोधायचा तर मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजायचे. कडव्याला तीन-चार, हिला एकच. हे माझं मला सापडलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ऑफिसात चार जणांना सांगितलं. एक जण म्हणाला, “मग पगार वाढणार का?”

पगार वाढला नाही, पण कीर्ती वाढली. आधी शेजारपाजारचे, मग शाळामास्तरांचे दोन-तीन ग्रुप, मग त्यांच्या ओळखीतले शेतकरी. रोज दुपारी फोन उघडला की फोटोंची ही रांग. डबा एका हातानं खायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं उत्तरं द्यायची. फोटो कसले, तर निम्मे हललेले, निम्मे उन्हात पांढरे झालेले, आणि दहा ठिकाणांहून फिरून येईपर्यंत पार धूसर. पण मला अडलं नाही. फोटो मोठा करूनही बघावा लागत नाही, अशी माझी फुशारकी होती. मग वेळ वाचावा म्हणून मी फोनमध्ये काही वाक्यं तयारच करून ठेवली. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य होतं: ‘निरुपद्रवी आहे. हात लावला तरी चालेल.’

ते वाक्य केलं त्यालाही कारण होतं. मध्यंतरी उसात निघणाऱ्या घोणस अळीची हूल आमच्या जिल्ह्यात अशी उठली होती, की लोक शेतात पाय ठेवायला तयार होईनात. ती अळी डंखते हे खरं, अंगाला लागली की आगडोंब होतो हेही खरं. पण मोबाईलवर तर माणसं जागच्या जागी मरायला लागली होती. मग जी दिसेल ती अळी घोणस. लिंबावरची घोणस, कढीपत्त्यावरची घोणस. मला त्या अडाणीपणाचा संताप यायचा. घाबरणाऱ्या माणसांचाच मला मुळात संताप यायचा, असं म्हटलं तरी चालेल.

आणि घाबरण्यात माझ्या धाकट्या बहिणीचा हात कोणी धरला नसता. ती दिली आहे श्रीगोंद्याजवळ, वस्तीवर राहते, ऊस आणि कांदा करते. लहानपणी ती पालीला भ्यायची, बेडकाला भ्यायची, आणि मी तिच्या दप्तरात बेडूक ठेवायचो. पुढे मोठेपणी भ्यायला तिला खरंच कारण मिळालं. दोन वर्षांपूर्वी उसाच्या पाचटात गांधीलमाशी तिच्या मानेला चावली. पाऊण तासात ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी योगायोगानं तिथंच होतो. श्रीगोंद्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की नंतर तिच्या बोटांचे वळ उठले होते. डॉक्टरांनी तिला वाचवलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, “पुढच्या वेळी इतका वेळ मिळेलच असं नाही. हिला कसलाही डंख होऊ देऊ नका.”

हे मला माहीत होतं. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर कोणाला वाटेल, बिचाऱ्याला कल्पना नसेल.

यंदा दिवाळीनंतर कांद्याच्या लागणी सुरू झाल्या. दिवसभर वाकून रोपं लावायची म्हणजे बायकांच्या गुडघ्यांचा आणि कमरेचा भुगा होतो. मग संध्याकाळी एरंडाचं पान तव्यावर शेकून गुडघ्याला बांधायचं, हा त्यांचा जुना इलाज. बहिणीच्या बांधावर एरंडाची मोठी झाडं आहेत, सगळ्या वस्तीच्या बायका पानं तिथूनच नेतात. त्या आठवड्यात पानांवर हिरव्या काटेरी अळ्या दिसायला लागल्या आणि बायका पानं तोडेनाशा झाल्या.

दुपारी एक वाजता मी फोन घेऊन गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो, तेव्हा रांगेत तिचा फोटो होता. खाली तिचा आवाज: “दादा, ह्या कसल्या अळ्या हायत? बायका भेत्यात. मीबी भेतीय. सांग लवकर.”

फोटोत एरंडाचं पान, त्यावर काहीतरी हिरवं, काटेरी, पाठीवर फिकट रेघ. एरंडावर वाढणारं एक तपकिरी फुलपाखरू आहे. त्याची अळी हिरवी, काटेरी, पाठीवर फिकट रेघ असलेली. काटे नुसते दिसायला, गवताच्या काडीइतकेही टोचत नाहीत. आदल्या दिवाळीत मी तीच अळी त्याच बांधावर बहिणीला दाखवली होती, हातावर घेऊन. त्यामुळे मी फोटो बघितला असं म्हणणंही खोटं आहे. मी एरंड बघितला, काटे बघितले, आणि तयार वाक्यावर बोट ठेवलं. निरुपद्रवी आहे. हात लावला तरी चालेल. वर आणखी स्वतःच्या पदरचं लिहिलं, ‘भित्रे, तळहातावर घे आणि तसा फोटो पाठव. तरच तू माझी बहीण.’

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात. इथं जीभही उचलावी लागली नाही. मग मी आणखी पंधरा-वीस जणांना उत्तरं दिली, चहा प्यायलो आणि फोन खणात ठेवला.

पाच वाजता फोन हातात घेतला तर तिचे सहा मिस्ड कॉल होते. सगळे दीड ते दोनच्या मधले. त्याच्या वर एक फोटो, बरोबर एक एकतीसचा. मी खणाकडे पाठ फिरवली असेन तेव्हाचा.

फोटोत तिचा तळहात होता. अंगठ्याखाली विळ्याचा जुना वण आहे, तो दिसत होता. त्यावर ती अळी. उजेड स्वच्छ, फोटो जराही हललेला नाही. आणि या वेळी मी तो मोठा करून बघितला. अळी आखूड होती, चपटी होती. डोकं कुठे दिसत नव्हतं, पाय दिसत नव्हते. पाठीवरची रेघ फिकट नव्हती, निळसर होती. काट्यांचे जाड झुबके, आणि दोन्ही टोकांकडच्या झुबक्यांना तांबडे शेंडे. फुलपाखराची नव्हे, पतंगाची अळी. पोपटी पंखांचा, केसाळ, दिसायला गोजिरवाणा असा एक छोटा पतंग असतो, त्याची. घोणस अळीच्याच जातकुळीतली. काट्याकाट्यांत विष.

फोटोखाली तिनं लिहिलं होतं, ‘बघ. घाबरले का?’

मी फोन लावला. बंद. दाजींना लावला, तर ते संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा तिला लावला. बंद. वस्तीवरच्या दुसऱ्या कोणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. जिल्हाभरच्या अनोळखी लोकांचे नंबर होते, फुलपाखरांची नावं विचारणारे, पण माझ्या बहिणीच्या शेजारणीचा नंबर नव्हता. दीडला काही झालं असेल तर त्याला आता साडेतीन तास होऊन गेले होते. गांधीलमाशीच्या वेळी पाऊण तास लागला होता.

घरी सांगायलाही थांबलो नाही. मोटारसायकल काढली आणि दौंड रस्त्याला लागलो. एरवी मी या रस्त्यानं जाताना कडेच्या झुडपांवर नजर ठेवून असतो. त्या दिवशी रस्त्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. उसाचे ट्रॅक्टर होते एवढं आठवतं, कारण दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या त्या रांगेमागे अडकलो की मी मोठमोठ्यानं शिव्या देत होतो. शिव्या थांबल्या की तो श्वास ऐकू यायचा, शिट्टीसारखा. कोळगावच्या अलीकडे थांबून परत फोन लावला. दोन्ही बंद. दाजींचाही फोन लागत नाही, म्हणजे दोघं एकाच ठिकाणी आहेत. दवाखान्यात आहेत. किंवा दवाखान्यातून पुढे. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, रस्त्याच्या कडेला उभा होतो, आणि मला आठवत होता तो दप्तरातला बेडूक. तेव्हा ती कशी ओरडली होती आणि मी कसा हसलो होतो.

आईला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात करायला लागलो. आई गेल्याला सहा वर्षं झाली आहेत, हे ध्यानात यायला मला पुढचं गाव यावं लागलं.

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. घराला कुलूप. दारात तिच्या चपला, एक उलटी पडलेली. कुत्रं माझ्याकडे बघून भुंकलंही नाही. मी बांधाकडे धावलो. एरंडाखाली तिचं खुरपं पडलं होतं, आणि थोड्या अंतरावर तिचा फोन, मातीत पालथा, काच फुटलेला. तो उचलताना माझ्या तोंडून आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या रानातून एक बाई आली. वयस्कर होती, डोक्यावर गवताचा भारा होता.

“तिला दवाखान्यात नेली की दुपारीच,” ती म्हणाली. “माझ्या लेकाच्या गाडीवर. हात लई सुजला हुता. रडत हुती.”

“श्वास? श्वास घेत होती का नीट?”

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. “त्ये मला काय ठावं, बाबा? मी लांब हुते.”

श्रीगोंद्यापर्यंतचा तेवढासा रस्ता त्या वाक्यावर गेला.

दवाखाना तोच होता. दाराशी दाजी उभे होते. साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर नंबराला लावून बसले होते, निरोप गेला तसे दुसऱ्याच्या गाडीवर निघून आले, फोन ट्रॅक्टरवरच राहिला. मला पाहून म्हणाले, “तुमी कशाला आलात एवढ्या लांब, दादा? बरी हाय ती.” मी त्यांच्या खांद्याला धरलं आणि तिथंच पायरीवर बसलो. ते पाणी आणायला गेले.

ती आत खाटेवर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत सुजून लाल झालेला, मनगटाच्या आतल्या बाजूला फोडांची रेघ. ओठ ठीक होते. श्वास ठीक होता. इंजेक्शनं दिली होती आणि रात्रभर नजरेखाली ठेवणार होते. तळहाताची कातडी कामानं राठ झालेली, तिथं काही झालं नाही. फोटो निघेपर्यंत अळी गप होती. मग ती मनगटाकडे सरकली आणि हिनं दुसऱ्या हातानं तिला झटकली.

“लई आग हुतीय, दादा,” ती म्हणाली. “पर गळा न्हाई सुजला. मी सारखी गिळून बघत हुते.”

ती दुपारभर तिथं बसून गिळून बघत होती, हे मला अजून सहन होत नाही.

मी म्हणालो, “माझं चुकलं. ती वेगळी होती. मी नीट बघितलंच नाही.”

“मला वाटलंच हुतं येगळी हाय म्हनून.” ती अगदी सहज म्हणाली. “मागल्या दिवाळीला तू दावलीस ती लांबडी हुती, तिला पाय हुते. हिला पायच न्हवते, नुसती सरकत हुती. आन् काट्याला तांबडे शेंडे.”

“मग हातावर घेतलीस कशाला?”

“तू म्हनलास म्हनून.”

मी पुस्तकं वाचून, फोटो काढून जे शिकलो होतो, ते तिनं एकदाच बघून नेमकं टिपलं होतं. आणि माझ्या एका ओळीसाठी स्वतःचे डोळे बाजूला ठेवले होते.

डॉक्टर आले. मागच्या वेळचेच. मला ओळखून म्हणाले, “फुलपाखरंवाले ना तुम्ही? काय होतं हे, सांगता येईल? कागदावर लिहायचंय.” मी फोनमधला फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला आणि नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, “नक्की?” मी परत फोटोकडे बघितलं. पाय नाहीत, डोकं नाही, तांबडे शेंडे. सगळं जुळत होतं, तरी माझ्या तोंडून हो निघेना. तशा दिसणाऱ्या आणखीही जाती असतात. फोटोवरून किती सांगता येतं?

बहीण खाटेवरून म्हणाली, “दादा सांगतोय म्हंजी बरोबरच असंल.”

मी उठून पाणी प्यायला बाहेर गेलो.

परत आलो तेव्हा ती दाजींच्या कानात काहीतरी सांगत होती. मग तिनं मलाच विचारलं, की बायकांच्या ग्रुपवर टाकलेलं आता पुसता येतं का. मला अर्थ लागेना. तेव्हा कळलं. अळी हातावर घेतल्या घेतल्या तिनं तो फोटो मलाच नव्हे, वस्तीच्या बायकांच्या ग्रुपवरही टाकला होता, आणि सोबत माझं वाक्य पुढे ढकललं होतं. बायकांना पानं हवी होती, गुडघे दुखत होते, त्यांची भीती जावी म्हणून. भित्री म्हणून उभा जन्म माझ्याकडून ऐकलेल्या बाईनं पहिल्यांदाच दुसऱ्यांना धीर दिला होता, तो हा असा.

मी त्याच मिनिटाला माझा फोन दाजींना दिला, त्यांना नंबर पाठ असलेल्या एका शेजाऱ्याला फोन करवून सगळीकडे खुलासा धाडला. वस्तीवर कोणी पानाला हात लावला नव्हता. देव पावला म्हणालो. पण दोन दिवसांनी शेजारच्या गावातून तोच फोटो मला आला, कोणीतरी खात्री करायला पाठवलेला. आठवड्यानं पारनेरकडून. खुलासा मात्र कुठूनही आला नाही. ‘घाबरा’ असं सांगणारं आणि ‘घाबरू नका’ असं सांगणारं, दोन्ही पळत सुटतात. ‘माझी चूक झाली’ हे मात्र जागेवरून हलत नाही.

बहिणीचा हात बरा झाला. मनगटावर काळसर रेघ राहिली आहे. ती अजून मला फोटो पाठवते आणि मी दर वेळी लिहितो, हात लावू नकोस. कढीपत्त्यावरच्या साध्या अळीलाही तेच लिहितो. ती म्हणते, दादा, तू माझ्यापरीस भित्रा झालास. खरं आहे. मला स्वप्नात तळहात दिसतात, खूप तळहात, आणि प्रत्येकावर काहीतरी हिरवं असतं. तयार वाक्य मी फोनमधून काढून टाकलं. आधी ते किती जणांना पाठवलं होतं ते मागे मागे जाऊन बघायला बसलो, आणि बघवेना म्हणून बंद केलं.

काल जेवणाच्या सुट्टीत श्रीरामपूरकडच्या मास्तरांच्या ग्रुपवर तो परत आला. तोच हात, अंगठ्याखाली तोच विळ्याचा वण. खाली मजकूर वाढला होता: ‘एरंडावरील काटेरी अळीबाबत अफवांवर विश्वास ठेवू नका. तज्ज्ञांचे मत: निरुपद्रवी आहे. हात लावला तरी चालेल. सर्व शाळांत मुलांना दाखवावे.’

माझा डबा तसाच राहिला. मी लिहिलं, ‘हे चूक आहे. ही अळी डंखते. कृपा करून मुलांना दाखवू नका. हा हात माझ्या बहिणीचा आहे आणि या फोटोनंतर तिला दवाखान्यात न्यावं लागलं.’

थोड्या वेळानं एका अनोळखी नंबरवरून उत्तर आलं, ‘आपण कोण? वर तज्ज्ञांचे मत दिले आहे. उगाच भीती पसरवू नये.’ त्याला लगेच चार-पाच अंगठे.

एक वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. मी लिहिलं, ‘तो तज्ज्ञ मीच,’ आणि पाठवलं. गेटवरचा शिपाई हात करून बोलावत होता. मी फोन खणात ठेवला, बिल्ला घेतला आणि आत गेलो. पाच वाजायला साडेतीन तास होते.